दुरून वाचायचा फळा

भाऊंच्या फळ्यावर एका दिवशी एकच बातमी मावायची, आणि तीही जेमतेम. ‘नळ उद्या नाही’ एवढं लिहिलं की फळा संपला. चांगला दाराएवढा फळा, वाचनालयाच्या व्हरांड्यात रस्त्याकडे तोंड करून लावलेला. दुसऱ्या कुणी त्यावर अख्खा पेपर उतरवला असता. पण भाऊंचं एकेक अक्षर पपईएवढं. मी पहिल्या दिवशी एसटीतून उतरले तेव्हा वाचनालयाच्या पाटीआधी मला ‘बँकेत आधार दाखवा’ हेच दिसलं, आणि बँक हीच असं समजून मी पुढे निघून गेले होते.

मी तिथे पुस्तकांच्या नोंदी कॉम्प्युटरवर चढवायला गेले होते. माझं माहेर बोरी अरबचं, सासर दारव्ह्याचं. दारव्ह्याहून दिग्रसकडे जाताना लागणारं हे बाजाराचं गाव. नाव सांगत नाही, कारण सांगितलं तर भाऊ रागावतील आणि त्यांचा राग फार अवघड असतो. ते बोलायचेच बंद होतात. आता वाचनालयांनी कॉम्प्युटर वापरावा असं वरून आलं, वाचनालयाच्या कमिटीने कंत्राटावर माणूस शोधला, आणि तो माणूस म्हणजे मी. दोन-तीन महिन्यांत उरकेल असं काम होतं. ते वर्षभर चाललं, आणि त्याचं पाप माझ्या माथी नाही.

त्याचं असं की तिथले ग्रंथपाल, म्हणजे भाऊ, पुस्तक नुसतं हातात द्यायचेच नाहीत. आधी ओळख करून द्यायचे. “हे घ्या. सुरुवातीले निस्ता पाऊस हाय याच्यात. थो सोसला का मंग मजा हाय.” किंवा, “याच्यातला नवरा भल्ला बदमाश हाय, पण शेवटी सुधरते. मले नाही पटलं.” मी कीबोर्डवर बोटं उगारून बसलेली. मी म्हणायची, “भाऊ, नाव, लेखक, किंमत, पानं. बस.” त्यावर ते म्हणायचे, “पोरी, सोयरीक जमवतानी निस्तं वजन-उंची सांगते का कोनी?” माझ्या कॉम्प्युटरला ते ‘पेटी’ म्हणत. कुणी पुस्तक मागायला आलं की मोठ्या आदराने मला सांगत, “पेटीले विचार बरं.” पेटी काही सांगायच्या आत स्वतःच उठून पुस्तक काढून देत आणि वर म्हणत, “पेटी हुशार हाय, पण जरा लाजते.”

अंगात पांढरा सदरा, तो रोज धुतलेला, आणि उजवी बाही कोपरापर्यंत खडूने अजून पांढरी. पेपर आले की पहिल्यांदा ते स्वतः वाचायचे, उभ्याने. मग टेबलावर ठेवायचे आणि जवळच घुटमळायचे. पेपर मागच्या पानापासून वाचायला त्यांच्या राज्यात बंदी होती. पोलीस भरतीचा अभ्यास करणारी पोरं सकाळी येत आणि थेट खेळाच्या पानावर झडप घालत. भाऊ पेपर हातातून काढून घेऊन पुन्हा सरळ घडी घालून समोर ठेवत. “पह्यले पान एक. राज्यात काय झालं ते पाहा, मंग तुमच्या चेंडूकडे जा.” पोरं कुरकुरत पहिलं पान वाचत. त्यातला एक आता तलाठी आहे, आणि परवा बसस्टॉपवर भेटला तेव्हा म्हणाला की अजूनही त्याला पेपर उलटा उघडताना मागे कुणी उभं असल्यासारखं वाटतं.

पण भाऊंचा खरा जीव त्या फळ्यात. सरकार जी मराठी लिहितं ती आमच्या भागात कुणी बोलत नाही, अन् आम्ही जी बोलतो ती सरकार लिहीत नाही. या दोघांच्या मध्ये भाऊ उभे. पेपरातली, पंचायतीतून आलेली, तहसिलीच्या भिंतीवरची सूचना ते आधी मोठ्याने वाचायचे: ‘पात्र लाभार्थ्यांनी विहित मुदतीत आधार प्रमाणीकरण करून घेणे अनिवार्य आहे.’ मग डोळे मिटायचे. तोंडातल्या तोंडात काहीतरी घोळवायचे. आणि फळ्यावर यायचं: ‘अंगठा द्या. सोमवारच्या आत.’ एकदा मतदार याद्या लागल्या तेव्हा लिहिलं, ‘यादीत नाव पाहा. मेलेल्याचंही.’ एक म्हातारबा खरोखर पाहायला गेले. आल्यावर व्हरांड्यात बसून म्हणाले, “माही बुढी हाय अजून यादीत.” ते नाव कमी करायचा अर्ज भाऊ त्यांना भरून द्यायला तयार होते. म्हातारबा म्हणाले, “राहू द्या ना, तुमचं काय खाते ते?” भाऊंनी अर्ज परत ठेवून दिला आणि त्यांच्यासाठी चहा मागवला.

गावाचा फळ्यावर एवढा भरवसा की मोबाईलवर काहीही येवो, बायका आधी इकडे नजर टाकायच्या. “पैसे बंद होनार म्हणते.” “फळ्यावर कुठी आलं?” संपलं. फळ्यावर नाही म्हणजे सरकारनं ते केलंच नाही.

एवढा मान असलेला फळा, मग त्यावर दोन-तीनच शब्द का, हे मला कळायचं नाही. मी एकदा बारीक खडूने खाली दुसरी बातमी लिहून दिली, चांगल्या वळणदार अक्षरात. भाऊंनी ती वाचली, छान म्हणाले, आणि ओल्या फडक्याने पुसून टाकली. यवतमाळहून तपासणीला साहेब आले होते, त्यांनाही तेच खटकलं. बिचारे भले गृहस्थ. म्हणाले, “अहो, एवढा मोठा फळा! जरा बारीक लिहा, चार योजना मावतील.”

“दुरून वाचता आलं पायजे, साहेब.”

“दुरून कशाला? लोकांनी जवळ यावं, त्यासाठीच तर वाचनालय आहे.”

“येनारे येतेच,” भाऊ म्हणाले. “जे येत नाही त्यायचा इचार कोन करन?”

साहेबांना ते फारच आवडलं. वाचकांना वाचनालयापर्यंत आणण्याबद्दल ते बराच वेळ बोलले, दोन बशा चिवडा खाल्ला आणि आनंदाने परत गेले. मला वाटलं, भाऊंनी साहेबांना गोड बोलून गुंडाळलं. तसं काही नव्हतं, हे मला पुढे कळलं.

भाऊंच्या आणखी एका पद्धतीबद्दल सांगायला हवं. पुस्तक वेळेवर परत आलं नाही की इतर वाचनालयं चिठ्ठी पाठवतात, दंड लावतात, फोन करतात. भाऊ त्या माणसाच्या घरी जाऊन बसत. नुसते बसत. पुस्तकाचं नाव काढायचं नाही. मी एकदा त्यांच्याबरोबर एका निवृत्त ग्रामसेवकांकडे गेले होते. भाऊंनी पाणी घेतलं, चहा घेतला, तुरीला शेंगा कशा लागल्या ते विचारलं, भिंतीवरच्या नातवाच्या फोटोचं कौतुक केलं, आणि मग गप्प बसून पंख्याकडे बघत राहिले. ग्रामसेवक घामाघूम. शेवटी आतून त्यांच्या बायकोच पुस्तक घेऊन बाहेर आल्या. “घ्या हो भाऊ. हे घ्या. आता तुमी उठा, मले सयपाक कराचा हाय.” गावात ‘त्याच्या घरी भाऊ बसले’ असं म्हटलं की लोक हसायचे, आणि ज्याच्याकडे पुस्तक थकलंय तो त्याच संध्याकाळी वाचनालयात हजर व्हायचा.

परत येताना मी म्हटलं, “भाऊ, इतका टाइम घालवता. एवढा मोठा फळा हाय. थकलेल्यायचे नावं लिहा फळ्यावर, दोन दिवसात सारे पुस्तकं येतीन.”

भाऊ चालता चालता थांबले. “नाव लिहाचं नाही,” म्हणाले. “कोनाचंच नाही.” आणि एवढ्या झपाट्याने पुढे गेले की मला त्यांच्या मागे जवळजवळ पळावं लागलं. त्या दिवशी मग त्यांनी मला एकाही पुस्तकाची ओळख करून दिली नाही. मी विचारलं तर नाव, लेखक, किंमत, पानं, एवढंच सांगितलं. इतकं मुकाट्याने काम झालं की मलाच करमेना.

ते कोडं काकूंनी, म्हणजे भाऊंच्या बायकोने सोडवलं. त्यांच्या घरी मी जेवायला गेले होते आणि जेवणानंतर तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. वाचनालयाच्या अगदी समोर, रस्त्याच्या पलीकडे शिलाईचं एक दुकान आहे. तिथे एक वयस्क गृहस्थ दाराशीच मशीन लावून बसलेले असायचे. मी त्यांना रोज पाहायची, नमस्कारही करायची. ते भाऊंचे सख्खे थोरले भाऊ, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. भाऊंनी तर नाहीच नाही.

वडील लवकर गेले तेव्हा दादांनी शाळा सोडली आणि मशीनवर बसले. धाकट्याला शिकवलं. दिग्रसला कॉलेज, नंतर ग्रंथपालनाचा कोर्स, सगळं शिलाईवर. वस्तीतल्या विहाराच्या खोलीत दोन पेट्या पुस्तकांनी सुरू झालेलं वाचनालय पुढे शासनमान्य झालं, रस्त्यावर आलं, आणि भाऊ त्याचे ग्रंथपाल झाले. काकू म्हणाल्या, त्या दिवशी सगळ्यात जास्त पेढे दादांनीच वाटले. समोरचं दुकानही त्यांनी मुद्दाम घेतलं, भाऊ कामावर बसलेला दिसावा म्हणून.

मग नव्या ग्रंथपालाच्या अंगात नियम शिरला. ज्यांची पुस्तकं थकली होती त्यांची नावं भाऊंनी फळ्यावर लिहिली. दादांनी कटिंगचं एक पुस्तक नेलं होतं, ऐन लग्नसराईत. त्यातली मापं बघून ते सफारी शिवत होते. परत द्यायला उशीर झाला होता, यात खोटं काही नव्हतं. भाऊंनी त्यांचंही नाव लिहिलं. भावाला सूट दिली असं कुणी म्हणू नये म्हणून सगळ्यात वर लिहिलं. त्या दिवशी गावात आठवडी बाजार. कुणीतरी दादांना म्हणालं, “काय दादा, ज्याले शिकवलं त्यानंच फळ्यावर चढवलं तुमाले!”

दादा गळ्यातली टेप तशीच ठेवून रस्ता ओलांडून आले. टेबलावर पुस्तक ठेवलं. म्हणाले, “जमा करून घ्या, साहेब.” आणि गेले.

“साहेब म्हनलं,” काकू शेंगेवरची नजर न काढता म्हणाल्या. “ज्यानं कडेवर घेऊन गावभर हिंडवलं, त्यानं साहेब म्हनलं. तवापासून दोघायची बोली नाही.”

“मंग भाऊंनी माफी काहून नाही मागितली?”

“नियम हाय म्हनते. सगळ्यायले सारखा म्हनते. इतके वर्सं झाले, कोनी विचारलं नाही तरी म्हनत राह्यते.” काकूंनी सूप झटकलं. “दोघंही एकाच मायचे लेकरं, काय सांगू तुले?”

गंमत अशी की घरांमध्ये काही बिघडलेलं नव्हतं. बुद्ध पौर्णिमेची खीर या घरून त्या घरी जायची, त्या घरून या घरी यायची. मुलं दोन्हीकडे जेवायची. जयंतीच्या मिरवणुकीत दोघं भाऊ असायचे, एक पुढे, एक मागे. बंद होतं ते फक्त दोघांचं बोलणं आणि दादांचं रस्ता ओलांडणं.

आणि उरला होता तो फळा. भाऊंनी त्यावर पुन्हा कुणाचं नाव लिहिलं नाही, फक्त बातम्या. जुने वाचक सांगायचे की आधी भाऊ चांगल्या चार-पाच बातम्या लिहीत. मग तीन. मग दोन. “दादाले आता कमी दिसते,” काकू म्हणाल्या. “सुईत दोरा सून ओवून देते. जसजसे त्यायचे डोळे चालले, तसतसं यायचं अक्षर वाढून राह्यलं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम लवकर गेले आणि जे रोज माझ्यासमोर घडत होतं ते पहिल्यांदा पाहिलं. भाऊंनी लिहिलं. खडू ठेवला. फळ्याच्या बाजूला सरकून उभे राहिले, पाठ रस्त्याकडे, जणू वाचनालयाचं कुलूप बघताहेत, पण नजर खांद्यावरून मागे. पलीकडे दादांनी चष्मा वर केला, समोर पाहिलं, एकदा मान हलवली आणि मशीनचं चाक फिरवलं. मशीनचा आवाज आला तसे भाऊ आत आले. एवढाच त्यांचा रोजचा व्यवहार. मला खरं सांगायचं तर रडू आलं, आणि मी ते जिल्हा परिषदेच्या जुन्या अहवालांवरच्या धुळीच्या नावावर खपवलं.

थंडी सरता सरता डोळ्यांच्या शिबिराची सूचना आली. ग्रामीण रुग्णालयात तपासणी, मग यवतमाळला नेऊन ऑपरेशन. भाऊंनी ती सूचना वाचली आणि या वेळी डोळे मिटले नाहीत, काही घोळवलं नाही. सरळ बाहेर जाऊन लिहिलं: ‘मोतीबिंदू. फुकट. नाव लावा.’

पलीकडून मान हलली. मशीन सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर तेच. तिसऱ्या दिवशी तेच. गावाला सवय नव्हती. पोरं विचारायला लागली, “भाऊ, बाकीचं सरकार थांबलं का?” भाऊ कुणालाच उत्तर देत नव्हते. काकूंनी दादांच्या सुनेकडून निरोप दिला, तर दादा तिला म्हणाले, “मले दिसते सगळं.” नाव लावायची मुदत संपत आली तसे भाऊ पेपरही वाचेनासे झाले. एका पोराने त्यांच्यासमोर खेळाचं पान आधी उघडलं आणि त्यांच्या लक्षातही आलं नाही.

“दादा वाचते,” ते मला म्हणाले. “रोज वाचते. मान हालवते. आन् मशीन चालू करते. माह्या हातानं लिहलं हाय ना, म्हून नाही जाऊन राह्यला थो. डोळे गेले तरी चालन, पन लहान्याचं आयकाचं नाही.”

“मंग तुमी जाऊन सांगा.”

“काय तोंडानं सांगू? थो मले साहेब म्हनून गेलता, पोरी.” बऱ्याच वेळाने, पुस्तकाला कव्हर घालता घालता, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, “फळ्यावर झालतं. फळ्यावरच फेडा लागन.”

दुसऱ्या दिवशी मी एसटीतून उतरले तर वाचनालयासमोर माणसं थांबलेली. दूधवाला गाडी बंद करून उभा. फळा काठोकाठ भरलेला होता:

‘दादा, माहं चुकलं.’

भाऊ बाजूला उभे होते, पण आज पाठ करून नाही. रस्त्याकडे तोंड करून. त्यांचे ओठ हलत होते. पलीकडे दादांनी चष्मा वर केला. समोर पाहिलं. मान हलवली. रोज हलवायचे तशीच, एकदा. आणि मशीन सुरू केली.

लोक पांगले. भाऊ आत गेले आणि अगदी मागच्या कपाटाआड जाऊन बसले. मी हाक मारली, तर म्हणाले, “पेटी लाव. काम कर.” आवाज असा की मला तो ऐकवला नाही.

मी तशी भांडखोर आहे, दारव्ह्याला कुणालाही विचारा. पर्स टेबलावर टाकली आणि तरातरा रस्ता ओलांडला. मला त्या म्हाताऱ्याला चार शब्द सुनवायचे होते.

“काका, वाचला का फळा?”

“वाचला ना, बाई.”

“मंग?”

“मंग काय?”

“काही वाटलं नाही तुमाले? काय लिहलं हाय ते वाचलं ना?”

मशीन थांबली. “नळाचं हाय,” दादा म्हणाले. मी काहीच बोलले नाही. तसे ते जरा पुढे झुकले, माझा चेहरा जिथे असेल असं त्यांना वाटलं तिकडे बघत, आणि चाचरत म्हणाले, “का... ऑपरेशनचं?”

मी तिथल्या स्टुलावर बसले.

“कधीपासून दिसत नाही?”

“सुनेले सांगू नको,” ते म्हणाले. “दिवाळीपासून अक्षर नाही दिसत. थो दिसते. पांढरा सदरा घालते ना, तेवढं पांढरं दिसते. बाजूले सरकला का समजते, लिहून झालं. मंग मी मान हालवतो.”

“पन काहून, काका?”

“नाही हालवली तर त्याले वाटन, दादानं पाहनंच सोडलं.” त्यांनी मशीनवरची उशीची खोळ उगाचच सरळ केली. “आन् आता ऑपरेशनले जातो म्हनलं तर सगळ्यायले समजन का मले फळा दिसत नव्हता. मंग इतक्या दिवसाची मान खोटी झाली ना. थो काय म्हनन?”

मी त्यांचा हात धरला. एका अनोळखी माणसाचा हात धरायची मला सवय नाही, पण धरला. आणि फळ्यावरचं वाचून दाखवलं. तीनच शब्द, पण मला ते एका दमात वाचता आले नाहीत.

दादांनी विचारलं, “केवढ्या अक्षरात लिहलं?”

“सगळा फळा भरून.”

“लोकायनं वाचलं?”

“सगळ्यायनं वाचलं. रस्ता थांबलता.”

त्यांचा चेहरा एकदम बदलला. मला वाटलं, आता सुखावतील. ते चिडले. “अक्कल नाही त्याले!” ते म्हणाले. “शिकलेला मानूस हाय, चार गावचे लोकं येते त्याच्यापाशी, आन् बजारात असं लिहते का कोनी आपलंच? उद्या कोनी बोलन त्याले, हासन त्याले.” बोलता बोलता ते उठले. हाताने चाचपून मशीनखालची एक चिंधी घेतली. “चाल. ने मले तिकडे.”

नाव लावणं, यवतमाळला जाणं, पट्टी सुटणं, हे सगळं पुढे झालं आणि नीट झालं, एवढंच सांगते. एसटीत दोघं एका सीटवर बसून गेले आणि पूर्ण रस्ता खिडकी उघडी ठेवायची की बंद यावरून भांडले, असं काकू म्हणाल्या. पण माझ्या डोळ्यांपुढे येतो तो त्या सकाळचा रस्ता. दादांचा हात माझ्या खांद्यावर. जिनिंगच्या कारखान्याकडे निघालेला कापसाचा ट्रक आम्हाला बघून थांबला, ड्रायव्हरने हॉर्नही वाजवला नाही. व्हरांड्याची पायरी दादांनी पायाने शोधली. मग एका हाताने फळ्याची कड धरली आणि दुसऱ्या हाताने पुसायला लागले. कुठे अक्षर आहे, कुठे नाही, हे त्यांना दिसत नव्हतं, म्हणून ते सगळंच पुसत होते, मोकळी जागासुद्धा, जोर लावून, धापा टाकत. खडूची भुकटी त्यांच्या भुवयांवर बसली.

चिंधीच्या आवाजाने की काय, भाऊ बाहेर आले. दारातच थबकले. मी काही सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानेच थांबवलं. मोकळ्या जागेवरून फिरणारा तो हात बघूनच त्यांना सगळं कळलं होतं. ते मुकाट्याने दादांच्या शेजारी येऊन उभे राहिले, इतके जवळ की पांढरा सदरा दादांच्या कोपराला लागत होता.

दादांचा हात थांबला.

“राह्यलं का कुठी?” त्यांनी विचारलं.

वरच्या कोपऱ्यात पहिलं ‘दा’ तसंच होतं. तिथवर त्यांचा हात पुरला नव्हता.

“नाही, दादा,” भाऊ म्हणाले. “काही नाही राह्यलं.”